अडकित्त्याखालचा मजकूर

कागद त्यानं माझ्या हातात नाई दिला. ओट्यावरून खाली टाकला. अंगणात नुकताच सडा पडला होता. कागदाचं एक टोक शेणात भिजलं.

"उचल व पोरी. बुरडाच्या पोट्टीले वाचता येते म्हणतात. पाहू बरं."

ओट्यावर गादी होती. गादीवर तात्याजी दलाल, अन् बाजूले संत्र्याचे दोन व्यापारी पानं खाऊन राह्यले होते. मी अंगणात उभी. माझ्या मागे माझा बाप, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलेलं. मी कागद उचलला, पदरानं पुसला अन् वाचला. फाडफाड वाचला. एक अक्षर अडलं नाई.

एका व्यापाऱ्यानं टाळी वाजवली. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालली की वाजवतात तशी. दुसरा म्हणे, "अरे वा! माकडानं पोथी वाचली." तिघंबी हासले. तात्याजीचं तर पोट हालून राह्यलं होतं.

अन् मी काय केलं? मीबी हासली.

आज माझे केस पिकले, दात गेले. पण ते हासणं आठवलं की भाकर गळ्याखाली उतरत नाई. त्यायनं अपमान केला, त्यायचं तेच काम होतं. पण मले तो अपमान वाटलाच नाई. मले तो मान वाटला. माझी लाज ती आहे, अन् तीच मी सांगायले बसली आहो.

वाचून झाल्यावर तात्याजी म्हणे, "बस. इथं पायरीवर बस."

पायरीवर! तळेगावच्या आमच्या बुरडपुऱ्यातला एकबी माणूस त्या पायरीवर कधी बसला नव्हता. सूप द्यायले गेलं तर घरची बाई लांबून बोट दाखवे. आम्ही खाली ठेवावं, तिनं पाणी शिंपडून उचलावं. अशा घरची पायरी. मी बसली. सगळ्यात खालच्या पायरीवर, अर्धं अंग बाहेर काढून, पण बसली. बापाचे डोळे भरून आले. घरी जाताना त्यानं बाजारातून गूळ घेतला अन् पुऱ्यात घरोघर खडा खडा वाटला. "माही पोट्टी तात्याजीच्या पायरीवर बसली," असं सांगत गेला. पोरगा झाल्यावर वाटतात तसा वाटला.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मी चौथी शिकली होती. ती कशी, तर माझा बाप शाळेले केराच्या टोपल्या फुकट द्यायचा, म्हणून मास्तरनं मले दारापाशी बसू दिलं. मंग पुऱ्यातच लगन झालं. माहेर अन् सासर समोरासमोर, मधात एक कडूलिंबाचं झाड. त्या झाडाखाली सगळा पुरा कामाले बसे, अन् त्या अख्ख्या पुऱ्यात अक्षर ओळखणारी मी एकटी.

आमचं काम बांबूचं. सुपं, टोपल्या, ताटवे, मेल्या माणसाची तिरडीबी आमच्याच हातची. पण पोट भरे ते संत्र्याच्या करंड्यांवर. आमच्या भागात बागा लय. दिवाळी तोंडावर आली की फळावर रंग चढे, मोटारी लागत, अन् नागपूरच्या बाजारात जाणारा माल आमच्या करंड्यांत भरून जाये. त्या दिवसांत घरातलं कोणी रिकामं नसे. बांबू फोडायचा, कामट्या काढायच्या, विणायचं. बोटं चिरून निघत, जेवताना तिखट लागलं की जीव जाये.

आता कोणी म्हणेल, बांबू आधीच थोडा थोडा घेऊन काऊन नाई ठेवला? नाई जमत बाप्पा. बांबू ओलाच पाहिजे. वाळला की कामटी वाकत नाई, मोडते. म्हणजे हंगामाच्या तोंडावर जंगलाच्या डेपोतून एकदम गाडीभर उचला, अन् तोबी रोख. रोख आणावी कुठून? आर्वीले सावकार होता, पण तो बुरडाले दारात उभा करत नव्हता. मंग मधात तात्याजी.

तात्याजी म्हणे, "मी काई सावकार नोहो. मी कोणाले एक पैसा देत नाई न् कोणाचा घेत नाई. मी नुसती गाठ घालून देतो, लगन जुळवणाऱ्यासारखी."

लगन जुळवणारा एकदा जेवते अन् आपल्या घरी जाते. हा दर हंगामाले जेवे. इकडून सावकाराकडून घेई, तिकडून आमच्याकडून घेई, अन् करंड्या उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडूनबी. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, तसं चाललं होतं. सावकारासाठी कायदा होता. त्याले परवाना लागे, पावती द्या लागे, व्याज किती घ्यायचं तेबी ठरलेलं. म्हणून सावकाराचं जे काय होतं ते कागदाच्या वरच्या अर्ध्यात, नीटनेटकं लिहिलेलं. तात्याजीचं खालच्या अर्ध्यात.

मले पायरीवर काऊन बसवलं ते आता ध्यानात आलं असेल. पुऱ्यातल्या लोकायले अंगठा लावायचा धाक वाटू लागला होता. कोणी म्हणे कागदात काय आहे कोणाले ठाऊक. तात्याजीले असा वाचणारा पाहिजे होता, ज्याच्यावर पुरा डोळे झाकून भरोसा ठेवेल.

पहिल्या कागदाच्या दिवशी त्यानं कागद ओट्यावर माझ्यासमोर पसरला. वारा येते म्हणून वर अडकित्ता ठेवला. पितळेचा, मोराच्या घाटाचा. बरोबर मधात, आडवा ठेवला. मले हळूच म्हणे, "इथवरच वाचजो. खाली नुसती कचेरीची भाषा आहे. ह्या लोकायचं डोकं दुखवून काय फायदा?"

मी इथवरच वाचलं. वरचं वाचलं, मोठ्यानं, शाळेत वाचत होती तशी. मंग म्हटलं, "झालं." अन् लोकायनं अंगठे लावले, बाजूले साक्षीदार म्हणून मी सही केली.

कोणी म्हणेल, तुले खालचं ठाऊक नव्हतं, तुही काय चूक? थांबा. वाचणाऱ्याचे डोळे अडकित्त्यापाशी थांबत नाईत. पहिल्याच दिवशी मी खालचं पाह्यलं. आधी डोळ्यांनीच, मंग घरी येऊन मनात. अमुक इसम तात्याजीले आपला मुखत्यार नेमते. तात्याजीच्या मर्जीशिवाय एकबी करंडी दुसऱ्या कोणाले विकणार नाई. विकली तर तयार माल अन् कामाची हत्यारं तात्याजीची. कागद फिरून लिहिला की दलाली फिरून द्यायची. समदं समजलं मले. चौथी शिकली होती, येडी नव्हती.

अन् अजून एक गोष्ट आहे. ही मी नवऱ्यालेबी लय दिवस सांगतली नव्हती. आमच्या घरचा कागद झाला तेव्हा तात्याजीनं अडकित्ता ठेवला, पण मी पाह्यलं तर खाली कोरं होतं. एक अक्षर नाई. तात्याजीनं माझ्याकडे पाह्यलं अन् सुपारी कातरली. काही बोलला नाई. मीबी बोलली नाई. तिथंच आमचा सौदा झाला. त्या साली डेपोतला चांगला बांबू पहिल्यांदा आमच्या दारात पडला, अन् सासू म्हणे सून पायगुणाची आहे.

मी पायरीवरून उठून गेली की तात्याजीच्या घरची बाई तांब्याभर पाणी आणून पायरी धुई. एकदा मी वळून पाह्यलं. तिनंबी पाह्यलं. मी मान खाली घातली अन् पाह्यलंच नाई असं केलं. दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर जाऊन बसली. पायरी अजून ओली होती.

आता ठमाबाईचं सांगते.

ठमाबाई पुऱ्यातली सगळ्यात जुनी कारागीर. नवरा जंगलात गेलता बांबू तोडायले, तिथंच तापानं मेला. पोरगा नाई. एकटी बाई, पण तिच्या हाताखाली पुऱ्यातल्या तीन-चार बाया काम करत, अन् तिच्या करंडीचं बूड कधी सुटत नसे. मोटारवाले म्हणत, ठमाबाईची करंडी फेकून मारली तरी संत्रं फुटत नाई. तिच्याजवळ नवऱ्याचा कोयता होता. मूठ बाभळीची, घासून घासून गुळगुळीत झालेली. तो कोयता ती कोणाले हात लावू देत नव्हती. मले लहानपणी विणायले तिनंच शिकवलं होतं.

तिच्या कागदाच्या दिवशी मी वाचलं. अडकित्त्यापर्यंत. ती कान देऊन आयकत होती. झाल्यावर म्हणे, "सगळं आलं न व माय ह्याच्यात?"

"आलं."

तिनं अंगठा लावायच्या आधी कागद कपाळाले लावला. तिले वाटे अक्षर म्हणजे देव. मंग तात्याजीले म्हणे, "आमची पोट्टी वाचते म्हणून लावून राह्यली बरं. नाईतर म्या नसता लावला."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी नवं सूप घेऊन आली. वाचल्याची दक्षिणा. त्याच्यात मूठभर जवारी होती. आमच्यात नवं सूप रिकामं देत नाईत. काही तरी दाणा टाकूनच द्या लागते. रिकामं सूप दिलं म्हणजे तुह्या घरात कधी दाणा पडू नये असं म्हटलं. ती दर साली सूप देई, दर साली जवारी टाकून. तिसऱ्या सालची जवारी मी दळून भाकरी केल्या अन् खाल्ल्या. गोड लागल्या मले.

त्याच हंगामात ते झालं.

एक बागवाला स्वतः मोटार घेऊन पुऱ्यात आला. व्यापाऱ्याच्या हाताखालून नाई, सरळ. कडूलिंबाखाली उभा राहून म्हणे, करंड्या कोणाच्या चांगल्या? सगळ्यायनं ठमाबाईकडे बोट केलं. त्यानं तात्याजीच्या भावापेक्षा जास्त भाव दिला अन् रोख दिला. ठमाबाईनं अर्धा माल मोटारीत चढवून दिला. तिच्या कागदात तसं करू नये असं कुठं वाचलं होतं? मी वाचलंच नव्हतं. ती तर खूश होती. म्हणे, "पह्यल्यांदा कोनं मधात नाई. माह्या हातातून त्याच्या हातात."

मी तिथंच बसली होती. माझ्या हातात कामटी होती. मी म्हणू शकत होती, ठमामाय, थांब. मोटार भरून होईपर्यंत चांगला वेळ होता. मी मान खाली घालून विणत राह्यली.

त्यानंतरचा बाजाराचा दिवस होता. ठमाबाई उरलेल्या करंड्या अन् कोयता घेऊन बाजाराच्या कडेले बसली होती. तिथं तात्याजी आला. मागे दोन माणसं अन् रिकामी बैलगाडी. गर्दी जमली. मीबी होती, नवऱ्यासंगं.

"भरा रे," तात्याजी म्हणे. माणसं करंड्या गाडीत फेकू लागली.

ठमाबाई उठली. "काऊन जी? काऊन भरून राह्यले माहा माल?"

"कागदात आहे."

"नाई जी. कागदात नाई. आमच्या पोट्टीनं वाचला तो."

तात्याजीनं इकडे तिकडे पाह्यलं. मी दिसली. त्यानं खिशातून कागद काढला, घडी उलगडली अन् माझ्यासमोर धरला. अडकित्ता नव्हता. कागद सगळा उघडा होता.

"वाच व पोरी. खालचं वाच. मोठ्यानं."

अन् मी वाचलं! लोकहो, मी वाचलं. भर बाजारात. फाडफाड. तयार माल अन् कामाची हत्यारं मुखत्याराचे होतील. एक अक्षर अडलं नाई. काऊन वाचलं? त्यानं वाच म्हटलं म्हणून. बैलाले चल म्हटलं की बैल चालते, तशी मी चालली.

माणसानं ठमाबाईच्या हातातून कोयता घेतला. तिनं सोडला नाई, तर त्यानं मनगट पिळलं. मंग सुटला. ती रडली नाई. तात्याजीलेबी काही बोलली नाई. माझ्याकडे पाहून म्हणे, "हे तू तवा नाई वाचलं न व पोरी?"

एवढंच बोलली. सगळा बाजार माझ्याकडे पाहून राह्यला होता. पुऱ्यातले, बाहेरचे, मिरच्या विकणाऱ्या बायासुद्धा. जमीन फाटली असती तर मी गेली असती आत, पण जमीन काय आपल्यासाठी फाटते? मागून कोणीतरी म्हटलं, "कुऱ्हाडीचा दांडा गोताले काळ." तो आवाज माझ्या बापाचा होता. त्यानं गूळ वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई माझ्या दारात आली. हातात नवं सूप. कोयता तर नव्हता, कोणाचा तरी मांगून घेतला असेल, अन् रातभर बसून केलं असेल. लय सुरेख विणलं होतं. मी हात पुढे केले. तिनं माझ्या हातावर ठेवलं अन् गेली.

रिकामं होतं. मी उलटं करून पाह्यलं, झटकलं. एक दाणा नव्हता.

सासू आतून ओरडली, "फेक ते बाहेर! अवदसा आली का घरात?" मी फेकलं नाई. चुलीतबी घातलं नाई. भिंतीले खिळा ठोकला अन् टांगलं. झोपताना दिसे, उठताना दिसे. दाळ निवडायले बसली की समोर तेच.

तुमाले वाटेल, तिथंच माझे डोळे उघडले. नाई. एवढं सोपं नसते. आठ दिवसांनी तात्याजीचा निरोप आला अन् मी फिरून गेली. पायरीवर बसली. तो म्हणे, वर्ध्याहून एक सरकारी साहेब येऊन राह्यला. सावकारांच्या कागदांची चौकशी आहे. कोण्या तरी बागवाल्यानं अर्ज केला होता की दलाल लोक मधात बसून बुरडांचा गळा कापतात, त्यायलेबी परवाना लावा. तात्याजी म्हणे, "तुले एकच सांगायचं आहे. सगळे कागद मी वाचून दाखवले, वरून खालपर्यंत, अन् लोकायनं समजून अंगठे लावले. बस. तुह्या माणसाले डेपोचं काम लावून देतो."

मी हो म्हटलं. हे लिहून ठेवा. मी हो म्हटलं होतं.

साहेब शाळेच्या वरांड्यात बसला. त्याच शाळेच्या, जिथं मी दारापाशी बसत होती. टेबल, खुर्ची, बाजूले कारकून. खाली अंगणात पुरा उभा होता. ठमाबाईबी होती, एका कडेले. ती आता बागेत रोजानं संत्रे तोडायले जात होती. ज्या करंडीत संत्रे टाके ती करंडी दुसऱ्याच्या हातची.

तात्याजी नवीन धोतर नेसून आला होता. कागदांचा बस्ता बगलेत. मोठा गोड बोलला. "साहेब, ही ह्यायचीच पोरगी. शिकलेली आहे. हिनंच सगळे कागद वाचले. मी काय फसवणार? एक कागद नमुना म्हणून पाहा."

त्यानं बस्त्यातून एक कागद काढून टेबलावर पसरला. वारा होता. त्यानं खिशातून अडकित्ता काढला अन् कागदावर ठेवला. मधात, आडवा.

मी पाह्यलं. तो माझ्या घरचा कागद होता. अडकित्त्याखाली काही नव्हतंच. कोरा. लपवायचं काही नव्हतं, तरी त्यानं अडकित्ता मधातच ठेवला, कोपऱ्यावर नाई. हाताले सवय पडली होती. अन् माझ्या डोळ्यायलेबी पडली होती. मी तिथवर वाचायले घशात आवाज तयार केला होता. माझ्या घशाले ठाऊक होतं कुठं थांबायचं ते! तवा मले माझी किळस आली. त्याची नाई, माझी. मी त्या अडकित्त्यासारखीच एक वस्तू होती. तो मले खिशातून काढे, कागदावर ठेवे, अन् कातरायचं ते माझ्याखाली कातरे.

"वाचा बाई," साहेब म्हणे.

मी अडकित्ता उचलला. जड होता. टेबलाच्या कडेले ठेवला.

"साहेब, ह्या कागदाच्या खाली काही नाई. कारण हा माह्या घरचा आहे. बाकीच्यायच्या खाली आहे. बस्ता उघडाले सांगा."

तात्याजी हासला. "घाबरली जी पोरगी. साहेबापुढे कधी उभी राह्यली नाई."

"बस्ता उघडाले सांगा जी."

साहेबानं कारकुनाकडे पाह्यलं. कारकुनानं बस्ता ओढून घेतला. तात्याजीनं एक टोक धरून ठेवलं, मंग सोडलं. पहिला कागद निघाला तो पुऱ्यातल्या एका म्हाताऱ्याचा. मी खालचं वाचलं. दुसरा निघाला, त्याचंबी खालचं वाचलं. तिसरा ठमाबाईचा. तिच्या अंगठ्याच्या शाईजवळ तिच्या कपाळाच्या घामाचा डाग होता. तो वाचताना माझा आवाज फाटला, पण मी थांबली नाई.

मंग मी म्हटलं, "हे मी तेव्हा वाचलं नाई. कोणालेच नाई. मले ठाऊक होतं खाली काय आहे. ठाऊक असून मी झालं म्हटलं. माह्या कागदाखाली कोरं ठेवलं, त्याची मजुरी म्हणून."

साहेबानं टाक खाली ठेवला. म्हणे, "बाई, प्रत्येक कागदावर साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. तू म्हणतेस ते मी लिहून घेतलं तर दोष पहिल्यांदा तुझ्यावर येईल."

"हो जी. लिवा."

"दलालासाठी कायद्यात कलमच नाही. सावकाराला धरता येतं, ह्याला कशात धरू?"

"मंग तेबी लिवा. लिवा की मधात बसणाऱ्यालेबी परवाना पाहिजे. त्याचं नाव कागदाच्या वर पाहिजे, खाली नाई. त्याची दलाली किती ते पहिल्या ओळीत पाहिजे. अन् अंगठ्याच्या आधी सगळा कागद चारचौघांत वाचला पाहिजे, त्याच्या ओट्यावर नाई, आमच्या झाडाखाली."

साहेब लिहीत राह्यला. चांगला माणूस होता, वाईट बोलणार नाई. पण म्हणे, "मी रिपोर्ट पाठवतो. पुढे सरकार पाहील."

"तवरक?"

"तोवर तुम्हीच सांभाळा."

तात्याजी जाताना माझ्यापाशी थांबला. अडकित्ता उचलून खिशात टाकला अन् म्हणे, "पायरीवर बसवलं म्हणून डोक्यावर बसली. बुरडाची जात."

मी म्हटलं, "पायरी धुवून टाकजा जी. आता शेवटची."

तुमाले वाटेल, मंग सगळं नीट झालं. कायचं नीट! पुढच्या हंगामाले पुऱ्यात कोणाले बांबू मिळाला नाई. तात्याजीनं सावकाराचे कान भरले. माझा नवरा बागेत आळे खोदायले गेला अन् महिनाभर माझ्याशी धड बोलला नाई. मले दोनदा आर्वीच्या कचेरीत बोलावलं, दिवसभर उभं ठेवलं, अन् दोन्ही वेळा उद्या ये म्हणून सांगतलं. रिपोर्टाचं काय झालं ते आजवर कोणी सांगतलं नाई. ठमाबाईचा कोयता परत आला नाई. मी एकदा तिच्या दारात गेली, पाय धरायले. तिनं पाय मागे घेतले. मरेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाई. बरोबर केलं तिनं. तिची तिरडी मी बांधली, तेवढं पुऱ्यानं करू दिलं.

मले माफी नको. माफी झाली की माणूस विसरते. ते सूप अजून खिळ्याले आहे. रंग काळा पडला, कड उसवली, पण दाणा मी त्याच्यात पडू दिला नाई. पुढे पुऱ्यात पतपेढीचे कागद आले, बँकेचे आले, नवे दलाल आले. ते शर्ट-पँट घालत अन् मले मावशी म्हणत. कागद आला की मी सूप काढते अन् झाडाखाली जाते. कागद सुपात पसरते, म्हणजे त्याच्यावर काही ठेवायची कोणाले गरज पडत नाई. लोक जमले की आधी सांगते, "मी अर्धं वाचून पुरं म्हणणारी बाई आहो. ठमाबाईचा कोयता माह्यामुळे गेला. माह्यावर भरोसा ठेवू नका. माह्यामागून दुसऱ्यानं वाचा." म्हणून पुऱ्यातल्या पोट्ट्यायले मी मारून मारून अक्षर शिकवलं. आता अकरा जण वाचतात. एक चुकला की दुसरा टोकते.

दरसाल एक अर्ज वर्ध्याले पाठवते. मधात बसणाऱ्याचं नाव कागदाच्या वर लिवा, म्हणून. उत्तर येत नाई. मी पाठवते.

दलाल माह्यासमोर बसला की आधी त्याचा हात पाहते, कागदावर कुठं ठेवला ते. म्हणते, हात काढा जी. अन् मी कागद खालून वाचायले सुरुवात करते.